मिठाच्या ग्रहाचे शेवटचे पान

मित्रांनो, माझी पाने मोजू लागलात तर एक कमी भरेल. शेवटचे. ते उंदराने खाल्ले नाही की पाण्याने गेले नाही. ते एका मुलीने फाडले, आणि तेही माझ्यावर अतिशय जीव असलेल्या मुलीने. त्या पानाची ही हकीकत आहे, आणि माझीही.

मी एक जुना अल्बम आहे. फोटोंचा नव्हे, चित्रकथेचा. जाड पुठ्ठ्याचा आणि मांडीवर उघडला की दोन्ही गुडघे झाकणारा. माझे नाव ‘इल्वा आणि मिठाचा ग्रह’. लील शहरातल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. तिथे माझ्या कागदावर आधी निळा रंग चढला, मग पिवळा, मग लाल आणि सर्वांत शेवटी काळ्या रेघा. त्या रेघा उमटेपर्यंत मी म्हणजे नुसते रंगीत धुके होतो. रेघा आल्या आणि धुक्यातून एक मुलगी निघाली. चांदीच्या रंगाचा पोशाख घातलेली, केस मोकळे, यानाच्या खिडकीबाहेर काळ्या आकाशात तरंगणारी. तीच इल्वा. ती मुखपृष्ठावर आली आणि माझे आयुष्य ठरले.

त्या काळी शहाणीसुरती माणसे आमच्याकडे नाक मुरडून पाहत. ग्रह, याने, चांदीचे पोशाख, हे काय वाचन झाले का, असे त्यांना वाटे. दुकानदाराने मला खेळण्यांच्या आणि भेटकार्डांच्या मधे कुठेतरी उभे केले होते. तिथून मला फिर्मां लप्रेत्र यांनी उचलले. फिर्मां बुलोन बंदरातले मच्छीमार होते. हेरिंग माशांच्या जाळ्यांनी त्यांच्या तळव्यांना इतके घट्टे पडलेले होते, की माझे पान त्यांच्या बोटांना लागतच नसे. त्यांनी आतले काही वाचले नाही. मुखपृष्ठ मात्र बराच वेळ पाहिले आणि मला कोटाच्या आत, छातीशी धरून बाहेर पडले.

फिर्मां मला घेऊन बेर्कला आले. बेर्क म्हणजे समुद्र, वाळू आणि हाडांच्या आजाराची रुग्णालये. त्यांतल्या एका रुग्णालयात त्यांची मुलगी जोझियान होती. वय अकरा. पाठीच्या मणक्यांना क्षय झाल्यामुळे ती मानेपासून मांड्यांपर्यंत प्लास्टरमध्ये, सपाट उताणी पडलेली. त्या वॉर्डातल्या सगळ्याच मुली तशा होत्या. रोज दुपारी चाकांच्या खाटा ढकलत त्यांना समुद्रासमोरच्या लांब व्हरांड्यात नेत, थंडी असो की वारा. खारी हवा हेच तेव्हा निम्मे औषध होते.

फिर्मांनी मला जोझियानच्या तोंडासमोर धरले, तिला मान न वळवता दिसावे म्हणून.

“आत काय आहे ते मला नाही कळलं बघ,” ते म्हणाले. “पण ही पोर कशालाच टेकलेली नाही. तुझी पाठ दुखते ना, म्हणून घेतलं.”

“हे मुलग्यांचं पुस्तक आहे, पपा.”

“असू दे. तू काय कमी आहेस मुलग्यांपेक्षा?”

जोझियान हसली नाही. फिर्मां गेल्यावर तिने मला पोटावरच्या प्लास्टरवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले. तेव्हा शेजारच्या खाटेवरून आवाज आला.

“तुला नको असेल तर इकडे दे. नुसतं झाकण म्हणून वापरू नकोस.”

ही क्लोतिल्ड. तेरा वर्षांची, जिभेला धार असलेली. जोझियान वॉर्डात आली त्या दिवशी क्लोतिल्डने तिला विचारले होते, किती दिवसांसाठी आलीस? जोझियान म्हणाली, डॉक्टर म्हणतात सहा महिने. “मलाही तेच म्हणाले होते,” क्लोतिल्ड म्हणाली, “तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते.” तिचे आईवडील लांब, डोंगराळ भागात गाई सांभाळत. सुरुवातीला ते भेटायला येत. पुढे नाताळला नुसता खोका येऊ लागला, आणि त्या खोक्यातही दर वर्षी तेच हातमोजे. हात वाढतात हे तिकडे बहुधा कुणाच्या लक्षात येत नव्हते.

क्लोतिल्डने मला वाचले आणि माझे दिवस पालटले. उताणे पडून मला वर धरले की तिचे हात भरून येत. म्हणून वॉर्डातल्या रेमोंद मावशीने खाटेच्या दांडीला दोरी बांधून मला टांगून दिले. रेमोंद मावशी मुलींची अंगे पुसायची, भांडी न्यायची, आणि सिस्टर मार्त पाठमोऱ्या झाल्या की मुलींना चिकोरीची गोड कॉफी चमच्याने पाजायची. मी दोरीला लटकलो आणि क्लोतिल्ड वाचू लागली. सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

काय वाचायची ती. इल्वाचा आवाज वेगळा, तिच्या जखमी सोबत्याचा वेगळा, यानातल्या यंत्राचा तर नाक धरून. मिठाच्या वादळाचे पान आले की खालच्या लाटांचा आवाज तिला आयताच मिळे. रोज दुपारी ती थोडेच वाचायची आणि अशा जागी थांबायची की मुली कळवळत. “पुढे काय?” असे कुणी विचारले तर म्हणायची, “पुढे उद्या.” त्या वॉर्डात ‘उद्या’ला फारसे कुणी विचारत नसे. माझ्यामुळे विचारू लागले. मित्रांनो, पुढे माझी खूप स्तुती झाली, पण त्या दुपारांसारखी कुठलीच नव्हती.

सिस्टर मार्तना मी आवडलो नव्हतो. त्या माझ्याकडे पाहून म्हणत, “अवकाशात जाऊन काय मिळतं गं यांना? इथं नीट जेवत नाहीत.” पण माझे वाचन चालू असताना मुली रडत नाहीत हेही त्यांनी पाहिले होते, म्हणून त्या मला राहू देत.

त्याच थंडीत आर्लेत नावाच्या छोट्या मुलीला शस्त्रक्रियेसाठी नेले. तिची खाट रिकामी परत आली. सिस्टर मार्तनी सांगितले, आर्लेत घरी गेली. आर्लेतची फणी मात्र खाटेच्या कप्प्यात तशीच होती, आणि केस न विंचरता तिची आई तिला घरी नेईल हे कुणालाच पटले नाही.

मग जोझियानची पाळी आली. डॉक्टरांनी अचानक ठरवले, उद्या सकाळी. माझी बरीच पाने वाचायची राहिली होती. जोझियान त्या दुपारी पांढरी पडली होती.

“आज सगळं वाच,” ती क्लोतिल्डला म्हणाली. “शेवट कळल्याशिवाय मी आत जाणार नाही.”

“आत न जायला तू काय पळून जाणार आहेस?”

“क्लो, चेष्टा नको. इल्वा परत येते की नाही, तेवढं सांग.”

“विश्रांतीचा तास होऊन जाऊ दे. मग सगळं वाचते.”

विश्रांतीच्या तासाला बोलायला मनाई असे. मुली डोळे मिटून पडल्या. क्लोतिल्डने मला दोरीवरून सोडवून छातीवर घेतले आणि शेवटचे पान उघडले.

त्या पानावर काय होते ते आता सांगतो. यानात एकच जागा उरलेली असते. इल्वा आपल्या जखमी सोबत्याला त्या जागेवर झोपवते, दार लावते आणि यान पृथ्वीकडे पाठवून देते. शेवटच्या मोठ्या चित्रात ती एकटी आहे. मिठाच्या भिंतीला खिडकी कोरते आहे. त्या चित्रात एकही शब्द नाही.

क्लोतिल्डने ते चित्र फार वेळ पाहिले. मग शेजारी पाहिले. जोझियान झोपली नव्हती; तिच्या पापण्या थरथरत होत्या. क्लोतिल्डने पानाच्या मुळाशी, शिलाईच्या कडेला, नख लावले. हळू, फार हळू. लाटेचा आवाज चढला की थोडे फाडायची, लाट ओसरली की थांबायची. मला दुखले असे म्हणणार नाही, मी कागद आहे. पण छापल्यापासून माझी सगळी पाने त्या एका पानाकडे चालली होती, आणि तेच माझ्यातून निघून गेले. तिने त्याची घडी केली आणि गळ्यापाशी, प्लास्टर आणि कातडी यांच्यामधल्या फटीत आत सरकवली.

मग विश्रांती संपल्याची घंटा झाली आणि ती वाचू लागली. शेवटून दुसऱ्या पानापर्यंत माझे शब्द होते. त्यानंतर कोऱ्या पुठ्ठ्याकडे पाहत, डोळे डावीकडून उजवीकडे फिरवत, जणू तिथे ओळी आहेत अशा थाटात ती वाचत राहिली.

“...आणि यान बंदरावर उतरलं. दार उघडलं. आधी तिचा सोबती उतरला. मग धूर. लोक म्हणाले, ती नाही आली. तिचे पपा मात्र जागचे हलले नाहीत. त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेला गरम, गोड वाफल होता. आणि धुरातून इल्वा आली. केसांत मीठ होतं. पपा म्हणाले, उशीर केलास, निम्मा मीच खाल्ला.”

सगळा व्हरांडा हसला. जोझियानही हसली, प्लास्टरमुळे जेवढे हसता येते तेवढे. “वाटलंच मला,” ती म्हणाली. “म्हणजे परत येतात.” दुसऱ्या दिवशी तिला नेताना ती रडली नाही.

ती परत आली. शस्त्रक्रिया नीट पार पडली होती. बरे वाटू लागल्यावर तिने मला हातात घेतले, शेवट शोधला आणि विचारले, पान कुठे आहे? क्लोतिल्ड म्हणाली, धुरीच्या कपाटात सुटलं असणार. वॉर्डातल्या वस्तूंना जंतू मरावेत म्हणून फॉर्मालिनची धुरी द्यायचे, त्यामुळे ते खरे वाटले. शरद ऋतूत चामड्याचा आणि पोलादाचा पट्टा बांधून जोझियान आपल्या पायांनी दारापर्यंत चालत गेली. फिर्मां तिच्या मागे दोन्ही हात पसरून, पण तिला न धरता चालत होते. संसर्गाच्या भीतीने वॉर्डातला कागद बाहेर न्यायला परवानगी नव्हती. म्हणून मी क्लोतिल्डकडे राहिलो.

पुढची वर्षे पटकन सांगतो. क्लोतिल्डचे प्लास्टर निघाले, पण पायांत जीव आला नाही. ती चाकांच्या खुर्चीवर बसली आणि त्याच गावात, रुग्णांचे पट्टे शिवणाऱ्या एका कार्यशाळेत शिवण करू लागली. वॉर्ड बंद झाला तेव्हा जुन्या पुस्तकांना भट्टीत टाकायचे ठरले. रेमोंद मावशीने मला ॲप्रनखाली लपवून बाहेर काढले, आठवडाभर उन्हात वाळवले आणि क्लोतिल्डच्या खोलीवर आणून दिले. तिने मला शिवणयंत्राच्या वरच्या फळीवर ठेवले. नववर्षाला जोझियानचे कार्ड येई, हिचे जाई. त्यांतल्या एका कार्डावर ‘पपांची बोट वादळातून अजून परतलेली नाही’ एवढेच होते. क्लोतिल्डने उत्तर लिहायला घेतले, तीनचारदा फाडले, आणि शेवटी ‘धीर धर’ एवढे लिहून पाठवले.

दरम्यान जग बदलले. ज्यांनी नाक मुरडले होते त्यांची मुले मोठी झाली आणि मला ‘अभिजात’ म्हणू लागली. माझी नवी आवृत्ती निघाली. प्रदर्शनात इल्वाची चित्रे भिंतीवर लागली. एक संग्राहक पहिल्या आवृत्तीच्या शोधात क्लोतिल्डपर्यंत पोहोचला. मला पाहून त्याचा चेहरा फुलला. त्याने हातमोजे घालून मला उघडले, शेवटापर्यंत गेला, आणि शिळा मासा परत टोपलीत टाकावा तसा मला खाली ठेवला. “अरेरे,” तो म्हणाला. क्लोतिल्ड म्हणाली, “दार ओढून घ्या जाताना. वारा येतो.”

आणि मग एका पावसाळी दुपारी जोझियान आली. चाळिशीची बाई, पाठ अजून ताठ. तिने भिजलेला कोटही काढला नाही. पिशवीतून एक अल्बम काढून शिवणाच्या मेजावर ठेवला. तो मीच होतो. म्हणजे माझी नवी, चकचकीत, पूर्ण आवृत्ती.

“माझ्या मुलानं शाळेच्या ग्रंथालयातून आणलंय,” ती म्हणाली आणि तिने शेवटचे पान उघडले. “हे काय आहे, क्लो?”

क्लोतिल्डने यंत्र थांबवले. पाहिले.

“ती परत येत नाही,” जोझियान म्हणाली.

“नाही.”

“धुरीच्या कपाटात सुटलं म्हणालीस.”

“मी फाडलं. आर्लेतला नेलं होतं त्याच दारातून तुला न्यायचं होतं. तू विचारत होतीस परत येते का. काय सांगणार होते मी?”

जोझियान खुर्चीवर बसली. बराच वेळ ती बोटाने पानावरची खिडकी गिरवत राहिली.

“पपांची बोट बुडाली तेव्हा सगळ्यांनी मानलं,” ती म्हणाली. “आईनंसुद्धा. मी नाही मानलं. मला माहीत होतं ना, धूर निवळला की माणूस येतो. मी लग्न होईपर्यंत रोज त्यांचं ताट मांडलं, क्लो. बुडालेल्यांच्या भिंतीवर त्यांच्या नावाची पाटी लावू दिली नाही. आई विचारायची, आता लावू या का गं? मी भांडायचे तिच्याशी. ती पाटी न बघताच गेली. आणि हे सगळं कशावर, तर तू पुठ्ठ्याकडे बघून सांगितलेल्या गोष्टीवर.”

“मी एका दिवसापुरतं खोटं बोलले होते, जोझी. ते इतकी वर्षं टिकेल असं वाटलं नव्हतं.”

“मग कार्डावर धीर धर कशाला लिहिलंस?”

क्लोतिल्ड मांडीवरच्या कापडाची कड मुडपत राहिली. मग म्हणाली, “अजून एक सांगते. तुझ्यासाठी फाडलं हे अर्धंच खरं आहे. मला ते पान हवं होतं. त्या वॉर्डात सगळ्या गोष्टी घरी जाणाऱ्यांच्या असायच्या. मला कुणी न्यायला येणार नव्हतं, हे मला कळलं होतं. ते पहिलं चित्र होतं ज्यात मागं राहिलेली बाई मेली नव्हती. खिडकी कोरत होती. ते मला तुमच्याबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं.”

“कुठाय ते?”

“प्लास्टर कापलं तेव्हा घामानं त्याचा लगदा झाला होता. रेमोंद मावशीनं कचऱ्यात टाकलं.”

जोझियान उठली. नवी प्रत तिने पिशवीत घातली. आणि ती निघून गेली.

त्यानंतर क्लोतिल्डने मला फळीवरून काढले आणि कापडाच्या ताग्यांखाली पालथे ठेवले. मी सगळा हिवाळा तिथे होतो. नववर्षाचे कार्ड आले नाही. तिनेही पाठवले नाही. शिवणयंत्र चाललेले मला ऐकू येई आणि मधेच बराच वेळ थांबलेलेही. मित्रांनो, माझ्यामुळे मुली हसल्या याचा मला अभिमान होता. आता माझ्या मनात जोझियानच्या आईचा, त्या माउलीचा विचार येई, जिला मी कधी पाहिले नाही, आणि जी मुलीच्या हट्टापुढे गप्प बसून राहिली.

वसंतात दार वाजले.

“ऊठ,” जोझियानचा आवाज.

“ते जमलं असतं तर फार बरं झालं असतं,” क्लोतिल्ड म्हणाली.

“गाडी आणली आहे. नवरा खाली थांबलाय, तो उचलून बसवेल. आज पाटी बसवतात. पपांचं नाव कुणीतरी मोठ्यानं वाचावं लागतं. मी घरी वाचून बघितलं. माझ्याच्यानं होत नाही.”

“मग दुसऱ्या कुणाला सांग. मी कोण लागते?”

“तू सांगितलेलं मी आजवर ऐकलंय. आता हेही तूच सांग.”

क्लोतिल्डने तागे बाजूला केले, मला बाहेर काढले आणि पिशवीत घातले. का, ते तिने सांगितले नाही. ती बेर्कमधून कित्येक वर्षांनी बाहेर पडत होती.

बुलोनला, समुद्राकडे तोंड केलेल्या कड्यावर, बुडालेल्या मच्छीमारांच्या नावांची भिंत आहे. नवी पाटी बसवून झाली होती. सिमेंट अजून ओले होते. थोड्या बायका, दोन म्हातारे मच्छीमार, जोझियानचा नवरा आणि मुलगा. क्लोतिल्डची खुर्ची भिंतीजवळ नेली. तिने घसा साफ केला आणि त्या व्हरांड्यातल्या आवाजात, लाटांच्या वर जाईल असे, वाचले.

“फिर्मां लप्रेत्र. बोट ‘शुक्रतारा’. उत्तर समुद्र.”

सगळे थांबले. वाऱ्यात कुणाचा तरी रुमाल फडफडत होता.

“पुढे?” जोझियानने अगदी हळू विचारले. तिलाही कळले नसावे की आपण विचारले.

क्लोतिल्डने तिचा हात धरला. “पुढे काही नाही, जोझी,” ती म्हणाली. “ते परत आले नाहीत.”

तेव्हा जोझियान खाली, गवतावर बसली, क्लोतिल्डच्या न हलणाऱ्या गुडघ्यांवर डोके ठेवले आणि रडली. वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच, असे तिचा नवरा नंतर म्हणाला. क्लोतिल्ड काही समजूत घालत बसली नाही. तिने फक्त हात सोडला नाही. दोघींमध्ये सगळे पूर्ववत झाले असे मी म्हणणार नाही. एखादे वर्षी कार्ड येते, एखादे वर्षी येत नाही. पण ‘शुक्रतारा’च्या आठवणीच्या दिवशी गाडी मात्र येते.

आता मी म्हातारा झालो आहे. पुठ्ठ्याचे कोपरे मऊ पडले, लाल रंग विटून तपकिरी झाला. क्लोतिल्डचेही केस पांढरे आहेत. बुधवारी ती मला मांडीवर घेऊन नव्या रुग्णालयातल्या मुलांकडे जाते. शेवटाशी आली की म्हणते, “इथलं पान नाही. मी फाडलं. पण त्यावर काय होतं ते सांगते.” आणि खरे ते सांगते. परवा मानेला पट्टा लावलेल्या एका मुलीने विचारले, “मग ती एकटीच राहिली?”

“हो.”

“रडली का?”

“चित्रात पाठमोरी आहे. पण मला वाटतं, रडली असणार.”

मुलीचा ओठ थरथरू लागला. क्लोतिल्डने गोष्ट बदलली नाही. तिने चाके फिरवली आणि आपली खुर्ची खाटेला अगदी लागून उभी केली.

म्हणून मित्रांनो, माझे एवढे ऐका. आम्हाला ओल्या हातांनी धरू नका, कोपरे दुमडू नका, हे तर आहेच. पण एखादे पान कुणाला सोसवणार नाही असे वाटले, तर ते फाडू नका. तसेच वाचा. वाचताना आपली खुर्ची तेवढी जवळ ओढून घ्या.